बॉनेट उघडून : थ्री सिरीजची कुठली पिढी घ्यावी?

या खेपेला आलेल्या पत्रांत बीएमडब्ल्यूच्या थ्री सिरीजबद्दलची पत्रं इतकी होती की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. सव्वीस वर्षं मी सेडान गाड्या लिफ्टवर चढवून खालून बघतोय. त्यात या गाडीखाली जितका वेळ गेला तितका दुसऱ्या कुठल्याच गाडीखाली गेला नसेल. त्यामुळे उत्तरं जरा लांबतील. ई४६, ई९०, एफ३०, जी२० ही या गाडीच्या एकापाठोपाठच्या पिढ्यांची कंपनीतली सांकेतिक नावं; ३२५आय, ३२०डी वगैरे त्या-त्या पिढीतली मॉडेलं.

प्रश्न : मला गाडी चालवायला मनापासून आवडते. घरात चौघं आहोत, म्हणून चार दारं आणि बऱ्यापैकी डिकी हवीच. तीन गाड्या चालवून बघितल्या : २००८ ची ई९० (३२५आय), २०१४ ची एफ३० (३२८आय) आणि २०२१ ची जी२० (३३०आय). ई९० हीच शेवटची खरी थ्री सिरीज, असं ज्याला विचारावं तो सांगतो. पण मला ती सैल वाटली, दमल्यासारखी. एफ३० सुसाट पळते पण मऊ वाटली. जी२० आवडली, पण ती परवडेल की नाही याचा विचार करावा लागेल. मला गाडी कळत नाही की काय?

तुम्हाला गाडी चांगली कळते. जे जाणवलं ते अगदी बरोबर आहे, फक्त त्याचा ठपका तुम्ही पिढीवर ठेवताय. ती ई९० ज्या रबरावर उभी आहे ते रबर बहुतेक २००८ चंच असणार.

स्पोर्टी सेडानमध्ये आपण ज्याला मजा म्हणतो ती इंजिनात थोडी आणि चाकं-बॉडीच्या मधल्या सांध्यांत जास्त असते. प्रत्येक आर्मच्या टोकाला रबरी बुश असतो. या गाडीत पुढच्या चाकाला पुढे-मागे रोखून धरणाऱ्या आर्मचा बुश तर आतून द्रव भरलेला असतो. तो फुटला की बुशच्या खाली आर्मवर काळपट, तेलकट ओघळ दिसतो, त्याला धूळ चिकटलेली असते. बोटाने पुसलात तर बोट काळं होतं. टॉर्च घेऊन चाकामागे डोकावलं तरी दिसतो. असा बुश असलेली गाडी ताशी ऐंशी-नव्वदला हलका ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरवते, आणि वळणात शिरताना आधी जराशी घुटमळते, मग वळते. तुम्ही ज्याला सैल म्हणताय ते हेच घुटमळणं.

माझ्या उमेदीच्या काळात मी एक जुनी स्पोर्टी सेडान घेतली होती. दोन महिन्यांत ती विकायला काढली, कारण सरळ रस्त्यावरसुद्धा स्टिअरिंग सतत सावरावं लागायचं. माझ्या उस्तादांनी ती लिफ्टवर घेतली, लोअर आर्ममध्ये पहार घातली आणि नुसतं मनगट वळवलं. चाक बोटभर पुढे सरकलं. काही न बोलता त्यांनी पहार माझ्या हातात दिली. चार बुश, दोन बॉल जॉइंट, चारही शॉकअप आणि शेवटी अलाइनमेंट, एवढं काम केलं. त्यानंतर ती गाडी मी नऊ वर्षं चालवली. म्हणून वीस मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हवरून एखाद्या पिढीबद्दल मत बनवलेलं मला चालत नाही. त्या वीस मिनिटांत कळते ती त्या एका गाडीची तब्येत.

आता तुमच्या तिन्ही गाड्या.

ई९० आली २००५ साली. सहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं इंजिन आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग या जोडीसाठी लोक हळवे होतात, आणि मीही होतो. पुढचं चाक खडबडीत डांबरावर आहे की गुळगुळीत, हे तळहाताला कळतं. अॅक्सिलरेटर जितका दाबाल तितकीच ओढ मिळते, मध्ये टर्बोसाठी थांबणं नाही. पण या इंजिनाचा वॉटर पंप विजेवर चालतो आणि तो आधी कुठलीही कुरकुर न करता बंद पडतो. लाखभर किलोमीटर झाले असतील आणि पंप बदलल्याची पावती नसेल, तर तो बदलायचाच आहे असं धरून चाला. थर्मोस्टॅटही त्याच वेळी बदला. ऑईल फिल्टरच्या हाऊसिंगचं गॅस्केट आणि वरच्या व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळतं. हाऊसिंगमधून गळलेलं ऑईल बेल्टवर उतरतं, म्हणून ते काम टाळू नका. बॅटरी डिकीत असते. ती बदलल्यावर नवीन बॅटरीची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये करावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्याच हिशेबाने होत राहतं.

याच पिढीची डिझेल ३२०डी कोणी दाखवली तर जरा थांबा. २००७ ते २०११ च्या सुरुवातीपर्यंतच्या एन४७ इंजिनाची टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला आहे आणि ती झिजण्यासाठी बदनाम आहे. तिथपर्यंत हात पोहोचवायचा तर अर्धी गाडी उतरवावी लागते.

एफ३० बाजारात आली २०१२ मध्ये. सगळी इंजिनं टर्बो झाली, स्टिअरिंग इलेक्ट्रिक झालं आणि झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सर्रास दिसू लागला. तो गिअरबॉक्स मला आजही फार आवडतो. मऊपणाबद्दल तुमचं बरोबर आहे. साध्या सस्पेन्शनची एफ३० उंचवट्यावरून उतरताना एकदा जास्तीची डोलते. अॅडॅप्टिव्ह डॅम्पर (गरजेप्रमाणे कडक-मऊ होणारे शॉकअप) असलेली एखादी चालवून बघा, फरक लगेच कळेल. स्टिअरिंगचा जिवंतपणा मात्र त्यानेही परत येत नाही.

तुम्ही बघितलेल्या ३२८आयमध्ये एन२० इंजिन असणार. २४५ अश्वशक्ती, ३५० न्यूटन-मीटर टॉर्क, पिकअपला तोड नाही. पण साधारण २०१५ च्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या एन२० मध्ये टायमिंग चेनचे प्लॅस्टिकचे गाईड ठिसूळ होऊन तुटतात. गाईड तुटला की चेन सैल होते, आणि चेन उडाली की इंजिन गेलंच म्हणून समजा. बॉनेट उघडून ऐका : इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी बारीक शिट्टी ऐकू आली तर तिथूनच परत फिरा. आवाज नसला तरी चेन आणि गाईड बदलल्याचा कागद मागा. कागद नसेल तर त्या कामाचा खर्च किमतीतून वजा करून घ्या आणि गाडी घेतल्या घेतल्या ते काम उरका. २०१५ च्या फेरबदलानंतर हळूहळू आलेली बी४८ आणि बी५८ ही इंजिनं याबाबतीत कितीतरी खात्रीची. वापरलेली गाडी घेणाऱ्यांत मला कोणी जवळचं विचारलं, तर मी बी५८ वाली ३४०आय शोधायला सांगतो.

जी२० २०१९ मध्ये विक्रीला आली. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २८५१ मिलिमीटर, म्हणजे एफ३० पेक्षा ४१ ने जास्त. मागे बसणाऱ्यांच्या गुडघ्यांना तो जाणवतो. हिच्या साध्या शॉकअपमध्येही एक चांगली गोष्ट आहे : चाक जितकं जास्त वर-खाली जाईल तितका शॉकअप कडक होत जातो. त्यामुळे छोटे खड्डे पोटात जातात आणि मोठ्या उंचवट्यानंतर गाडी एका झटक्यात स्थिर होते. एफ३० चा नेमका जो दोष तुम्हाला खटकला तो इथे काढलेला आहे.

तर तुमच्यासाठी : रोज चौघांना घेऊन जायचं असेल आणि ओढाताण न करता जमणार असेल तर जी२०. नसेल, आणि गाडीखाली वेळ आणि पैसा घालायची मनापासून तयारी असेल, तर ती ई९०, पण सगळे बुश, शॉकअप आणि वॉटर पंपाचा खर्च किमतीत धरूनच. २०१४ ची ३२८आय मी या तिघींत शेवटी ठेवीन, चेनचा कागद हातात पडेपर्यंत.

प्रश्न : वापरलेली गाडी बघायला गेल्यावर मेकॅनिक बरोबर नसेल तर आपलं आपण काय तपासावं?

पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर विक्रेत्याला सांगा, गाडी गार झाल्यावर दुसऱ्या दिवशी येतो. चेनचा खडखडाट आणि धूर गार इंजिनातच पकडता येतो.

मग टायर. बाजूच्या भिंतीवर चार आकडी शिक्का असतो : २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच सुमाराचे असतील तर मालकाने गाडी मायेने ठेवली असं मी समजतो. मागच्या दोन चाकांवर दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर असतील, तर त्या हाताने ऑईलही वेळेवर बदललं नसणार. एक्सड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर हे आणखी महत्त्वाचं : कमी-जास्त झिजलेल्या टायरमुळे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. टायरच्या आतल्या कडेवरून तळहात फिरवा. या गाड्यांत चाक वरून किंचित आत कललेलं असतं, त्यामुळे बाहेरून कोरा दिसणारा टायर आतून गुळगुळीत झालेला सापडतो.

यातल्या पुष्कळ इंजिनांना ऑईलची डिपस्टिकच नाही. पातळी स्क्रीनवर बघायची, इंजिन तापल्यावर. टेस्ट ड्राइव्हहून परत आलात की विक्रेत्यासमोर तो मेनू उघडा. सर्व्हिसच्या पावत्यांत दोन ऑईल बदलांतलं अंतर वाचा. मीटर सांगेल तेव्हा बदलू, असं म्हणणारे मालक खूप आहेत आणि मीटर फार उशिरा सांगतो. वर्षाला एकदा किंवा दहा हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते, असं ज्याने पाळलंय त्याची गाडी घ्या. गिअरबॉक्सचं ऑईल ‘आयुष्यभरासाठी’ आहे असं विक्रेता म्हणेल. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरमध्ये ते बदलायला सांगते.

प्रश्न : नवी जी२० घेतोय. १८ इंची चाकं की १९? आणि २०२२ च्या आधीची मिळाली तर?

१८, साध्या सस्पेन्शनसह. १९ इंची चाकं उभ्या गाडीला शोभून दिसतात, पण टायरची भिंत पातळ झाली की खड्ड्यात रिम वाकतं.

२०२२ च्या मध्यावर झालेल्या फेरबदलात डॅशबोर्डवर वक्र मोठी स्क्रीन आली, एसीची बरीच बटणं गेली आणि गिअरच्या दांड्याच्या जागी छोटी कळ आली. हात सवयीने बटणावर जावा आणि नजर रस्त्यावरच राहावी, असं मला वाटतं. चांगल्या निगेतली २०२०-२१ ची मिळाली तर खुशाल घ्या.

प्रश्न : रनफ्लॅट टायर काढून साधे टाकले तर चालेल का?

चालेल, आणि गाडी सुधारेल. रनफ्लॅट म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारा टायर. त्याची भिंत कडक असते, त्यामुळे हादरा थेट पाठीत येतो. ई९० मध्ये तर हे फारच जाणवतं. पण डिकीत स्टेपनी नाही हे विसरू नका. पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप ठेवा, किंवा बारीक स्टेपनीची सोय करा. रात्री-अपरात्री एकट्याने लांब जाणारं कुणी घरात असेल तर रनफ्लॅटच राहू द्या.

प्रश्न : वडिलांची २००१ ची ई४६ (३२५आय, मॅन्युअल) त्यांच्यामागे माझ्याकडे आली. दोन वर्षं झाकून उभी आहे. भाऊ म्हणतो विकून टाक. मला ती विकायची नाही, पण ठेवण्यासारखी आहे का, हे कसं ठरवू?

ताई, या गाडीचं एकच दुखणं मी निर्णायक मानतो. ई४६ मध्ये मागचा सबफ्रेम (मागच्या चाकांचे आर्म धरणारी चौकट) जिथे बॉडीला बसतो तिथला पत्रा तडकतो, सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांत जास्त. बाकी सगळं बदलता येतं, तो पत्रा म्हणजे खुद्द गाडीच आहे. गाडी लिफ्टवर घ्या, चारही माउंटिंगच्या भोवतालची माती ब्रशने साफ करा आणि स्पॉट वेल्डिंगच्या ठिपक्यांभोवती केसासारखी रेघ दिसते का ते बघा. गंजाची बारीक तांबडी रेघ बहुतेक वेळा तडाच असते. क्लच सोडताना मागून ‘धप्प’ असा आवाज यायचा का, तेही आठवून बघा. तडा लहान असेल तर प्लेट वेल्ड करून पत्रा मजबूत करता येतो; हे काम पूर्वी केलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

तोपर्यंत गाडी सुरू करायची घाई नको. बॅटरी बदला, जुनं पेट्रोल काढून टाका, ऑईल आणि ब्रेक ऑईल नवीन घाला. कूलंटची प्लॅस्टिकची टाकी, रेडिएटर, होज आणि वॉटर पंप हा सगळा संच एकदम बदला. या गाडीचा तापमानाचा काटा इंजिन गरम होऊ लागलं तरी बराच वेळ मधोमध बसून राहतो. तो उजवीकडे सरकलेला दिसला की त्याच क्षणी गाडी बाजूला घेऊन बंद करा, घर शंभर पावलांवर असलं तरी. तेवढ्यात हेड वाकतं.

माउंटिंगच्या चारही जागांचे जवळून काढलेले फोटो मला पाठवा, साफ केल्यानंतरचे. ते बघितल्याशिवाय भावाला होकार देऊ नका.