नागपूर महापालिकेने नदीसाठी पाण्याचा हक्क विकत घ्यावा का? – पेंच-कन्हानच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न असा की अमेरिकेतली शहरं नदी वाहती राहावी म्हणून पाण्याचे हक्क मिळवतात, मग नवेगाव खैरीच्या धरणाखाली उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या पेंच नदीसाठी नागपूर महापालिकेने तेच का करू नये? विकत घेण्याचा रस्ता आपल्याकडे जवळजवळ बंद आहे. पण दुसरा एक रस्ता आहे, आणि त्यात शेतकऱ्याच्या वाट्याला हात लावावा लागत नाही.

आधी तिकडचं बघू. कोलोरॅडोत ज्याने आधी पाणी वापरायला घेतलं त्याचा नंबर पहिला. पाणी कमी पडलं की सगळ्यात नव्या हक्कदाराचं फाटक आधी बंद होतं. १९७३ च्या कायद्याने पाणी नदीतच राहू देणं हाही वापर मानला, पण तो हक्क धरण्याचा अधिकार फक्त राज्याच्या जलमंडळाला दिला. म्हणून बोल्डर शहराने १९९० च्या दशकात आपले जुने हक्क मंडळाच्या नावे केले. पुढे २०१० मध्ये डेन्व्हरच्या ग्रॉस धरणाची उंची वाढवण्याची योजना ठरत असताना बोल्डर आणि लाफायेट या दोन शहरांनी ५,००० एकर-फूट, म्हणजे सुमारे ६.२ दलघमी (दशलक्ष घनमीटर) जागा फक्त नदीत सोडायच्या पाण्यासाठी करारात राखून घेतली. महत्त्वाचं हे, की सोडलेलं पाणी वाटेत कुणी उचलू नये यावर लक्ष ठेवणारा सरकारी माणूस तिथे आहे.

आपल्याकडे महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या अधिनियमात 'हक्कदारी' आहे, पण ती वापरापुरती, मालकी नाही. हस्तांतर झालंच तर वर्षापुरतं किंवा हंगामापुरतं, तेही नियमांच्या चौकटीत. आरक्षण मिळतं पिण्यासाठी, शेतीसाठी, उद्योगासाठी. 'नदीसाठी' अशा खात्यात पाणी मागायला गेलात तर फाइल कोणत्या टेबलावर ठेवायची इथूनच घोळ सुरू होतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नद्यांत कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी ठेवायला सांगितलंय. मुद्दा मांडताना तो आधार घ्या, मात्र फक्त त्याच्या जोरावर धरणाचं दार उघडणार नाही.

म्हणून पाणी मागू नका, उचलण्याची जागा बदलून मागा. नागपूर दोन ठिकाणांहून पाणी घेतं: पेंचचं नवेगाव खैरीहून आणि कन्हानचं कामठीजवळून. कन्हानचं उचल केंद्र बिना या गावाजवळच्या संगमाच्या खाली आहे, आणि पेंच कन्हानला मिळते ती बिन्यालाच. म्हणजे शहराच्या पेंच आरक्षणातला काही हिस्सा खैरीच्या जलवाहिनीत न घालता नदीत सोडला आणि कन्हानला उचलला, तर खैरी ते बिना हा अख्खा पट्टा वाहता होतो. पाणी शेवटी पिण्यासाठीच जातं, त्यामुळे आरक्षणाचा प्रकार बदलत नाही. उन्हाळ्यात कन्हानची धार बारीक होते तेव्हा तिथल्या २४० दशलक्ष लिटरच्या शुद्धीकरण केंद्राला ते हवंच असतं.

हिशोब सोपा आहे. सेकंदाला १ घनमीटर म्हणजे दिवसाला ८६.४ दशलक्ष लिटर. १ फेब्रुवारी ते १५ जून, १३५ दिवस सोडलं तर ११.६६ दलघमी. त्यातली तूट, म्हणजे बाष्पीभवन, वाळूत मुरणं आणि चोरटी उचल, एवढंच खरं 'नदीचं' पाणी, आणि तेवढ्याचीच भरपाई शोधायची. समजा ३० टक्के गेलं तर ३.५ दलघमी. ती भरपाई भांडेवाडीत, म्हणजे शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात आहे. तिथलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना जातं. अशा पुनर्वापरातून रोज १०० दशलक्ष लिटर ताजं पाणी वाचलं तर वर्षाला ३६.५ दलघमी होतात. पण वाचलेल्या पाण्यावर लेखी नाव लागलं पाहिजे. नाहीतर ते धरणाच्या सामायिक खात्यात मिसळतं आणि पुढच्या आवर्तनात, म्हणजे शेतीला पाणी सोडण्याच्या पाळीत, कालव्याने निघून जातं. तोंडी आश्वासनावर विसंबू नका, इथे सगळे चांगलेच असतात आणि पाणी तरी येत नाही.

बिघडतं कुठे, ते बघा. पहिले काही दिवस खाली काहीच पोचणार नाही. कोरडी वाळू आणि वाळूउपशाचे खड्डे आधी भरतात, आणि नेमक्या त्याच वेळी 'पाणी वाया गेलं' अशी बोंब होते. म्हणून निकाल पहिल्या आठवड्यात लावायचा नाही हे आधीच ठरवून घ्या. सलग धार धरली की सेकंदाला ०.३ मीटर वेगाने पाणी दिवसाला साधारण २६ किलोमीटर जातं. दुसरं, शेतीपंप. फीडरला, म्हणजे पंपांच्या वीजवाहिनीला, वीज असते त्या तासांत पातळी घसरते, वीज गेली की चढते. रोज सकाळी एकदा पातळीची पट्टी वाचली तर हे दिसणारच नाही. निदान पहिले दोन आठवडे तासातासाची नोंद हवी. मोजणीची जागा खडकाळ तळाची किंवा पुलाखालची निवडा. वाळूचा तळ सरकतो आणि पातळीवरून प्रवाह काढायचं कोष्टक खोटं ठरतं. उथळ पात्रात प्रवाहमापक पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ पट खाली धरायचा. मोजणी दोन्ही टोकांना, खैरीखाली आणि संगमाच्या वर. कन्हान आणि कोलार नद्यांचं पाणी मिसळल्यावर तूट काढता येत नाही.

पाणी एकदम सोडू नका. पात्रातल्या वाळूत ढिवर समाजाच्या डांगरवाड्या, म्हणजे टरबूज-डांगराचे मळे असतात. फेब्रुवारीत अचानक लोंढा आला तर टरबूज-डांगराचे वेल वाळूसकट जातील. शक्य असेल तर लागवडीआधीच धार सुरू करा, म्हणजे लोक पाण्याची रेघ बघून वाडी लावतात. गावांना आधी दवंडी द्या, मग दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवा. बंद करताना त्याहून हळू, नाहीतर मासे खड्ड्यांत अडकून मरतात. माशांसाठी डोहांची खोली तर लागतेच, पण दोन डोहांमधल्या उथळ जागेवरून मासा पार होतो का, हे तिथे जाऊन टेपने मोजावं लागतं.

कन्हानच्या बाजूचा धोका वेगळा आहे. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध फुटून राख कोलार-कन्हानमध्ये आली होती. उचल कन्हानवर वाढवायची तर खैरीची जलवाहिनी पर्यायी म्हणून चालूच ठेवा, आणि पंपिंगचा खर्च दोन्ही बाजूंचा शेजारी मांडून बघा. लेखा विभाग पहिला प्रश्न तोच विचारेल.

अर्ज महापालिकेने पेंच पाटबंधारे विभागाकडे करायचा. तीन गोष्टी वेगवेगळ्या अर्जांत मागा: उचल बिंदूत बदल, तुटीपुरतं वाढीव आरक्षण, आणि १९७६ च्या पाटबंधारे अधिनियमाखाली त्या पट्ट्यातल्या विनापरवाना उपशावर कारवाई. एकत्र मागितल्या तर एकीच्या आक्षेपात तिन्ही अडकतात. हंगामाचं नियोजन १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर होतं, म्हणून कागद धरणातलं पाणीवाटप ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीआधी पोचले पाहिजेत. तिथे सिंचनाच्या आवर्तनातून थेंबही कापला जात नाही याचा तक्ता सोबत नेला नाही, तर विषय पुढच्या वर्षावर गेला म्हणून समजा.