पहिली ऑनलाइन परीक्षा देताना

घाबरू नकोस. अभ्यास तू करशीलच. मी फक्त परीक्षेच्या दिवशी नडणाऱ्या गोष्टी सांगते.

मॉक टेस्ट अजिबात टाळू नकोस. तीही ज्या लॅपटॉपवर, ज्या खोलीत पेपर देणार, तिथूनच दे. कॅमेरा आणि माइकची परवानगी, ब्राउझर, ओळखपत्राचा फोटो, सगळ्या अडचणी तिथेच कळतात. विंडोजचे अपडेट आदल्या रात्रीच उरकून घे.

बडोद्यात पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. लॅपटॉप चार्ज असला तरी राउटर बंद पडतो, हे बहुतेक जण विसरतात. त्याला इन्व्हर्टरवर घे किंवा दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट तयार ठेव आणि एकदा जोडून बघ. विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात अभ्यास छान होतो, पण पेपर घरूनच दे, दार लावून. घरच्यांना वेळ सांगून ठेव.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- पेपर चालू असताना दुसरा टॅब उघडणे. निगराणीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची नोंद होऊ शकते.
- नेट गेल्यावर घाईत सबमिट दाबणे. आधी नेट जोड, पुन्हा लॉगिन कर. बहुतेक प्रणालींत जतन झालेली उत्तरे तशीच मिळतात, घड्याळ मात्र सहसा थांबत नाही.
- हाताने लिहिलेली उत्तरे शेवटच्या मिनिटाला अपलोड करणे. निदान पंधरा मिनिटे राखून ठेव. पानांवर क्रमांक घाल, एकच पीडीएफ कर, फाइलच्या आकाराची मर्यादा आधी वाच आणि पाठवण्यापूर्वी फाइल उघडून बघ. उलटी पाने, अर्धवट फोटो यांत हकनाक गुण जातात.

काही अडलेच तर वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढ आणि लगेच हेल्पलाइनला कळव. दुसऱ्या दिवशीची तोंडी तक्रार टिकत नाही. हेल्पलाइनचा नंबर कागदावर लिहून टेबलावर ठेव.

सध्या इतकंच पुरे. मॉक टेस्ट झाली की काय अडलं ते सांग.