रात्री रानात चालायला हेडलॅम्प घेताना आधी त्याचा सर्वांत मंद उजेड पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परदेशातले शिकारी रात्री-पहाटे जंगलात चालताना कपाळावर जसा दिवा बांधतात, तसा हेडलॅम्प नाशिकच्या आसपासच्या डोंगर-रानात फिरायला घ्यायचा आहे. किती लुमेनचा (लुमेन म्हणजे दिव्याच्या उजेडाचं माप) घ्यावा, लाल उजेड लागतो का, आणि जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे का?

शिकारीपुरतं आधीच सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हाही गुन्हा आहे. रात्री मोठ्या झोताची बॅटरी रानात फिरवणाऱ्याकडे वनरक्षक संशयानंच पाहणार, आणि त्यांनी तसंच पाहायला हवं. पण शिकाऱ्यांनी दिव्याबद्दल जे जाणून घेतलंय ते आपल्या कामाचं आहे. त्यांना हात मोकळे हवे असतात, पावलापुरतं स्पष्ट दिसायला हवं असतं आणि जनावर बुजायला नको असतं. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणात बसून प्राण्यांची नोंद करणाऱ्यालाही हेच हवं असतं. सूर्योदयासाठी मध्यरात्री बारी गावातून कळसूबाई चढायला लागणाऱ्याला किंवा श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीला रात्रीच निघणाऱ्याला हात आणि वाट दोन्ही सांभाळायची असतात. रात्रीच्या लाइटीवर शेताला पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याचंही तेच.

माझं उत्तर असं की दिवा त्याच्या सर्वांत मंद उजेडावरून निवडा. दुकानात सगळे जास्तीत जास्त लुमेन विचारतात आणि खोक्यावरही तोच आकडा मोठा छापलेला असतो. प्रत्यक्ष रानात तो मोठा उजेड तुम्ही क्वचित, तोही मिनिटभरच लावता. बाकी सगळी रात्र मंद उजेडावर काढायची असते, आणि बरेचसे स्वस्त दिवे तिथेच कमी पडतात. त्यांचा ‘लो’ म्हणजेसुद्धा डोळे दिपवणारा पांढरा झोत असतो.

याचं कारण डोळ्यात आहे. अंधारात पाहण्याचं काम दृष्टिपटलावरच्या दंडपेशी करतात. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य उजेडानं विघटित होतं आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होतं. डोळे अंधाराला पुरते सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. एवढ्या वेळात कमावलेली नजर प्रखर उजेडात काही सेकंदांत जाते. 400 लुमेनचा दिवा लावून चालणाऱ्याला समोरचं वर्तुळ लख्ख दिसतं, पण त्या वर्तुळाबाहेर त्याच्यासाठी काळी भिंत उभी असते. डावीकडची दरी, उजवीकडची कारवीची झाडी, पुढे वळणारी वाट यातलं काहीच त्याला कळत नाही. 10 लुमेनवर चालणाऱ्याला पावलापुढचा दगडही दिसतो आणि आकाशरेषेवरचा डोंगरही. वाट चुकू नये म्हणून हा दुसरा माणूस मला सोबत हवा.

सरळ पाऊलवाटेला 5 ते 15 लुमेन भरपूर होतात. दगडगोट्यांच्या उतारावर, घसाऱ्यावर किंवा कळसूबाईच्या शिड्यांवर 50 ते 100 लावा. 200 ते 300 ची गरज पडते ती वाट सापडेनाशी झाल्यावर समोरची धार न्याहाळायला किंवा मागे राहिलेल्या सोबत्याला खूण करायला. म्हणजे 300-400 लुमेनच्या वरचं काही नाशिककडच्या रानात पायी चालणाऱ्याला लागत नाही. पण खाली 5-6 लुमेनपर्यंत उतरणारा दिवा मात्र हवाच.

लाल उजेडाचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं झालं, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. दंडपेशींना लांब तरंगलांबीचा लाल रंग जवळजवळ कळत नाही, म्हणून मंद लाल उजेडात अंधाराची नजर टिकते. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आणि लाल रंग त्यांनाही नीट दिसत नाही. शिकारी मचाणावर चढताना लाल दिवा लावतात तो यामुळे. हिरवा दिवा आपल्या डोळ्यांना कमी उजेडातही चांगला दिसतो, पण तो हरणांनाही दिसतो. जखमी जनावराचा माग काढायची वेळ आली की हेच शिकारी लाल दिवा बंद करतात, कारण लाल उजेडात रक्ताचा थेंब आणि वाळकं पान एकसारखी दिसतात.

आपल्याला यातून घ्यायचं ते हे: लाल उजेड बसायला आहे, चालायला नाही. मचाणात वही लिहिताना, तंबूत सामान शोधताना, आकाश पाहताना लाल लावा. चालताना लावू नका, कारण आपल्या वाटांवर साप असतात. फुरसं लहानखुरं, मातकट रंगाचं आणि दगडांच्या आडोशाला राहणारं. घोणस पाचोळ्यात पडलेली असली तर तिच्या अंगावरचे ठसे हीच तिची ओळख, आणि मण्यार तर रात्रीच हिंडते. लाल उजेडात हे ठसे आणि पट्टे आजूबाजूच्या मातीत मिसळून जातात. पांढरा, पण मंद आणि किंचित पिवळसर उजेड सगळ्यांत चांगला. खोक्यावर 4000 ते 5000 केल्विन (उजेडाच्या रंगछटेचं माप) असा आकडा असेल तर तो घ्या. 6500 केल्विनचा निळसर उजेड दुकानात जास्त झगझगीत वाटतो, पण पाचोळा, माती आणि साल यांच्या तपकिरी छटा त्यात फिक्या पडतात.

आणखी एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे वस्तूची सावली तिच्या बरोबर मागे पडते आणि आपल्याला ती दिसतच नाही. सावली नसली की खड्डा किती खोल, पायरी किती उंच, दगड जमिनीत रुतलेला आहे की नुसता टेकलेला, याचा अंदाज लागत नाही. रात्री उतरताना पाय मुरगळण्याचं हे मोठं कारण आहे. उपाय सोपा आहे. हात मोकळे असतील तिथे दिवा कपाळावरून काढून कमरेच्या उंचीवर हातात धरा, किंवा पट्टा सैल करून पोटाशी बांधा. उजेड तिरका पडला की प्रत्येक दगडाला सावली फुटते आणि वाट उठून दिसायला लागते. म्हणून पट्टा झटकन काढता-घालता येणारा आणि दिव्याचं डोकं खाली वाकवता येणारं असावं. हात कातळाला लावायचे असतील तिथे अर्थातच दिवा कपाळावर. हरिहर किल्ल्याच्या त्या खोबणीच्या पायऱ्यांवर दोन्ही हात लागतात, पण तो टप्पा अंधारात चढूच नये असं माझं ठाम मत आहे.

धुक्यातही दिवा खाली धरण्याचाच उपयोग होतो. जून ते सप्टेंबरमध्ये इगतपुरी, त्र्यंबक, घाटघर या पट्ट्यात ढग जमिनीवर उतरलेले असतात. कपाळावर प्रखर दिवा लावला की पाण्याचे सूक्ष्म थेंब तो उजेड थेट डोळ्यांत परत फेकतात आणि समोर दुधाचा पडदा उभा राहतो. उजेड वाढवला की पडदा आणखी दाट होतो. दिवा कमरेवर आणून उजेड कमी करायचा, मग पायाखालची वाट परत मिळते.

पावसासाठी खोक्यावरचा आयपी आकडा पाहा; दिवा किती पाणी सोसतो हे तो सांगतो. आयपीएक्स4 म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी सोसणारा. हिवाळी ट्रेकला तो पुरे. आयपीएक्स7 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं टिकणारा. श्रावणातल्या फेरीला जाणार असाल, किंवा पहिल्या पावसानंतर ओढ्यात खेकडे धरायला जाण्याचा तुमच्याकडे रिवाज असेल, तर हाच घ्या. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट बसतंय का ते बोटानं तपासा. पाणी तिथूनच शिरतं.

खोक्यावरचे बाकीचे आकडे वाचायला शिकलात तर पैसे वाचतील. लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड. तो किती लांब जाईल हे ठरतं झोत किती एकवटलेला आहे त्यावर, आणि ते कँडेलात मोजतात. ‘एएनएसआय एफएल 1’ हे हातातल्या-कपाळावरच्या दिव्यांचं अमेरिकी मानक पाळणारे उत्पादक जे मीटर छापतात, त्या अंतरावर उजेड फक्त 0.25 लक्स उरलेला असतो, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका. त्यामुळे 100 मीटर लिहिलं असलं तरी कामाचं दिसतं ते त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर. अंतर दुप्पट हवं असेल तर झोत चौपट तीव्र लागतो. तासांचंही तसंच आहे. त्या मानकात उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. ‘40 तास’ वाचून पूर्ण उजेड 40 तास मिळेल असं समजू नका. उजेड एकाच पातळीवर राखणारं सर्किट आहे का, हे नक्की विचारा. तसं नसेल तर दिवा पहिल्या तासापासूनच मंदावत जातो.

बिननावाच्या दिव्यांवरचे दावे तर साध्या हिशेबानं उघडे पडतात. 18650 नावाचा सेल (18 मिमी जाड, 65 मिमी लांब) आजच्या घडीला साधारण 3500 एमएएचच्या (सेलच्या साठवणक्षमतेचं माप) आसपासच मिळतो. त्यावर 9900 एमएएच छापलेलं दिसलं की तो सेल खाली ठेवा. 3500 एमएएच गुणिले 3.6 व्होल्ट म्हणजे सुमारे 12.6 वॉट-तास. ढोबळ मानानं एका वॉटमागे 100 लुमेन धरा. म्हणजे 100 लुमेनवर 12 तास आणि 1000 लुमेनवर जेमतेम तास-सव्वा तास, तोही कपाळाला चटके देत. एका सेलवर 1000 लुमेन 20 तास चालणारा दिवा असूच शकत नाही.

सेल कोणता, हे तुम्ही कुठे फिरता यावर ठरवा. घरी परतून चार्ज करणार असाल तर बदलता येणारा 18650 उत्तम. सुरगाणा-पेठकडे दोन-तीन दिवस वाड्या-पाड्यांतून फिरायचं असेल तर तीन एएए (रिमोटमध्ये घालतात ते बारीक) सेलवरचा साधा दिवा बरा, कारण ते सेल पाड्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात. दिव्यातच बंद केलेली, न बदलता येणारी बॅटरी मात्र लांबच्या चालीला मी नेणार नाही. ती संपली की हातात काहीच उरत नाही.

आता बटणाचं. लहान वाटणारी ही गोष्ट रोज छळते. लाल उजेड लावायला आधी पांढऱ्या झोतातून जावं लागत असेल, तर 20 मिनिटं जपलेली नजर प्रत्येक वेळी एका दाबानं जाते. लाल थेट लागला पाहिजे आणि दिवा बंद करून सुरू केला की मंद उजेडावरच सुरू व्हायला हवा. सॅकमध्ये दाबला जाऊन आपोआप सुरू होऊ नये म्हणून कुलूप असावं. ते नसेल तर निघताना एक सेल उलटा घालून ठेवा.

लांबचा झोत एका कामासाठी खरंच लागतो: डोळे शोधायला. बिबट्या, उदमांजर, हरीण, गुरं यांच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो आणि तो उजेड आला त्याच दिशेनं परत पाठवतो. दिवा तुमच्या डोळ्यांजवळ असल्यामुळे ही चमक हेडलॅम्पमध्ये हातातल्या बॅटरीपेक्षा चांगली दिसते. वाटेवर बसलेला रातवा पक्षी आणि गवतातले कोळीसुद्धा असेच चमकतात. रानडुकराच्या डोळ्यांत मात्र हा थर नसतो, म्हणून डोळे चमकले नाहीत म्हणजे समोर कुणी नाही असं धरून चालू नका. निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात थांबून-थांबून एकदा लांबचा झोत गोल फिरवा आणि मग पुन्हा मंदावर या. तिथे शिकाऱ्यासारखं मुक्यानं चालण्याची गरज नाही. मोठ्यानं बोलत, घोळक्यानं चालणं बरं. दोन चमकते डोळे दिसले तर झोत त्यांच्यावर धरून जवळ जाऊ नका. उभं राहा आणि त्याला जायला वाट द्या.

मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याकडे काजवे पाहायला जाल तेव्हा दिवा बंदच ठेवा. काजव्यांचे नर-मादी चमकून एकमेकांना शोधतात आणि आपल्या उजेडात त्यांची ती बोली बुडून जाते. गाडीपासून झाडापर्यंतच्या चालीला मंद लाल, तोही जमिनीकडे. चालण्यासाठी लाल वापरायला मी होकार देतो तो एवढ्या मोजक्या पावलांसाठीच.

किमतीबद्दल. पेट्झल, ब्लॅक डायमंड, फेनिक्स, नाइटकोर यांचे दिवे चांगले आहेत, डेकॅथलॉनचे साधे दिवेही सुरुवातीला पुरतात. वर्षातून एखादा रात्रीचा ट्रेक असेल तर जास्त पैसे घालू नका. एक मध्यम हेडलॅम्प आणि खिशात एक छोटी हातातली बॅटरी ही जोडी एका महागड्या दिव्यापेक्षा मला जास्त खात्रीची वाटते. कारण अंधारात एका दिव्याचा सेल बदलायलासुद्धा दुसरा दिवा लागतो.

दुकानात गेलात की दिवा कपाळावर बांधूनच पाहा आणि मान जोरात हलवा. घसरला तर तो पट्टा चढावर त्रास देणार. सगळ्यांत मंद मोड लावून दुकानाच्या एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात तळहातावरच्या रेषा पाहा. रेषा दिसल्या आणि डोळे दिपले नाहीत तर घ्या. आणि पावसाळा संपल्यावर दिवा कपाटात ठेवताना एएए सेल बाहेर काढून ठेवा. अल्कलाइन सेल आतच गळले की धातूच्या पट्ट्या गंजतात आणि चांगला दिवा त्यापायी टाकून द्यावा लागतो.