बॅकअप ३ जीबीचा, मग रिस्टोअरला ६० जीबी का पुरेना?

निपाणीच्या तंबाखू वखारीचा हिशेब एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरवर आहे, बॅकअप फाइल ३ जीबीची, नव्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर ६० जीबी मोकळे, तरी एरर ३२५७ (डिस्कवर जागा अपुरी) येऊन रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटाबेस परत उभा करणं, थांबतं, असं तुम्ही लिहिलंय. बॅकअप खराब झालेला नाही, घाबरू नका.

वखारीत तंबाखूचे बोद दहाच असले तरी वखार बांधली तेवढी जागा अडवतेच. इथंही तसंच. बॅकअपमध्ये डेटाबेसची फक्त भरलेली पानं येतात. रिस्टोअर करताना मात्र मूळ फाइली होत्या त्याच मापाच्या उभ्या राहतात, आतली रिकामी जागा धरून.

आधी ‘रिस्टोअर फाइललिस्टओन्ली’ चालवा. हा हुकूम नुसता वाचतो, काही लिहीत नाही. ‘साइझ’ रकान्यातला आकडा बाइट्समध्ये असतो. तीनदा १०२४ ने भागलं की जीबी मिळतात. माझा संशय ‘एल’ प्रकारच्या ओळीवर, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या लॉग फाइलवर (एलडीएफ) आहे. रिकव्हरी मॉडेल (लॉग कसा सांभाळायचा ती सेटिंग) ‘फुल’ आणि लॉग बॅकअप कधीच घेतला नाही, की एलडीएफ वर्षानुवर्षं फुगत जाते. रोजच्या फुल बॅकअपनं लॉग रिकामा होत नाही. बहुतेकांची फसगत इथंच होते.

जुना कॉम्प्युटर चालू असेल तर काम सोपं. तिथं लॉग बॅकअप घ्या, फाइल लहान करणाऱ्या ‘डीबीसीसी श्रिंकफाइल’ हुकुमानं लॉग १ जीबीवर आणा आणि नवा फुल बॅकअप काढा. पहिल्या वेळी लॉग कमी झाला नाही तर लॉग बॅकअप आणि श्रिंक पुन्हा एकदा करा. तरीही हलला नाही, तर ‘सिस डॉट डेटाबेसेस’ या सर्व्हरच्या यादीतला ‘लॉग रीयूज वेट डेस्क’ (log_reuse_wait_desc) रकाना कारण सांगतो. एलडीएफ हातानं डिलीट करू नका, कृपा करून. त्यात डेटाबेसच उघडेनासा होतो.

जुना कॉम्प्युटर बंद पडला असेल तर रिस्टोअर करता करता फाइल लहान करायची सोय नाही. मग रिस्टोअरच्या हुकुमात फाइलची जागा बदलणारा ‘मूव्ह’ लावून लॉग तेवढा दुसऱ्या डिस्कवर पाठवा. यूएसबी डिस्क चालेल, पण ती एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेली हवी. फॅट३२ या जुन्या फॉरमॅटवर एक फाइल ४ जीबीच्या पुढं जात नाही. रिस्टोअर झालं की लॉग श्रिंक करा, ताजा बॅकअप घ्या आणि तोच डी ड्राइव्हवर रिस्टोअर करा.

नवी लॉग फाइल शून्यांनी भरली जाते, त्यामुळं मोठ्या लॉगला यूएसबीवर बराच वेळ टक्केवारी हलणार नाही. मध्येच बंद करू नका. यूपीएस लावूनच बसा. लाइट गेली तर डेटाबेस ‘रिस्टोअरिंग’मध्ये अडकतो आणि रिस्टोअर पुन्हा करावं लागतं.