'टॅपेस्ट्रीड' म्हणजे गालिच्याचं नव्हे

इंग्रजी कथेचं भाषांतर करताना तुमचं 'टॅपेस्ट्रीड चेंबर'पाशी अडलंय आणि 'गालिच्यांनी सजलेली खोली' चालेल का, असं विचारलंय. माझ्या मते नाही चालणार. गालिचा म्हटलं की आपली नजर जमिनीवर जाते. इथे मामला भिंतींचा आहे.

युरोपातल्या राजवाड्यांत दगडी भिंतींवर लोकरीचे, चित्रं विणलेले भले मोठे पडदे सोडत; हीच टॅपेस्ट्री. दिमाख तर होताच, थोडी ऊबही मिळे. लंडनच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात राजा आठव्या हेन्रीचे असे १० पडदे अजून आहेत. बायबलमधल्या अब्राहमची कथा, ब्रसेल्सची विणकारी, लोकर-रेशमात जरीचे धागे. भिंतीला चिकटवलेले नसल्यामुळे मागे माणूस सहज मावे; 'हॅम्लेट'मधला पोलोनियस असाच लपून ऐकतो आणि तिथेच मरतो. (तिथे अशा पडद्यासाठी आलेला 'ॲरस' हा शब्द फ्रान्समधल्या आरास गावावरून आलाय. गणपतीच्या आरासीशी नातं जोडू नका!)

आता 'चितारलेले' किंवा 'भरतकामाचे' असंही लिहू नका. टॅपेस्ट्रीत चित्र कापडावर काढलेलं नसतं, कापड विणतानाच तयार होतं. पैठणीचा पदर जवळून बघा: मोराचा हिरवा धागा मोराच्या कडेपर्यंतच जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून मागे फिरतो. प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळा. तंत्र तेच. फरक एवढाच की पैठणी उलट बाजूनेही तितकीच नेटकी दिसते, आणि त्या पडद्यांच्या पाठीवर धाग्यांची टोकं लोंबत असतात. गंमत म्हणजे फ्रान्समधली सुमारे ७० मीटर लांबीची जगप्रसिद्ध 'बायो टॅपेस्ट्री' नाव काहीही असो, आहे लिननवरचं भरतकामच.

तेव्हा 'भिंतींवर विणीव चित्रांचे पडदे सोडलेली खोली' असं सरळ लिहा. 'चित्रपट' हा जुना शब्द इथे फार शोभला असता, पण तो सिनेमावाल्यांनी कायमचा नेला.

कुरण किंवा डोंगरउतार 'टॅपेस्ट्रीड' असेल तर मात्र फुलांचा गालिचा खुशाल अंथरा, तिथे तो मराठीत रुळलेलाच आहे.

आणि पुढे 'टॅपेस्ट्रीड' खुर्ची आली तर पडदा विसरा. बैठक आणि पाठ त्याच विणीच्या कापडाने मढवलेली असते. फ्रान्समध्ये बोव्हे गावच्या कारखान्यात खास खुर्च्यांच्या मापाचे तुकडे विणत. 'विणीव चित्रांच्या कापडाने मढवलेली खुर्ची' म्हणा. लांबलचक वाटलं तर पहिल्यांदा पूर्ण लिहा, पुढे नुसती 'मढवलेली खुर्ची' पुरे.