100-125 सीसीच्या सहा गाड्या घेऊन इंदूरहून चौंडीला जायचं तर नियोजन कसं करावं?

तुम्ही सहा मित्र, सगळ्यांच्या गाड्या 100 ते 125 सीसीच्या, 31 मेला अहिल्याबाई होळकरांच्या जयंतीला त्यांच्या जन्मगावी चौंडीत पोचायचंय आणि घरचे म्हणतायत की एवढ्याशा गाड्यांवर कुठे निघालात! घरच्यांना निर्धास्त करा. स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना दिवसभर पन्नास-पंचावन्नने काही कुरकुर न करता चालतात.

ग्रुपची घडी विस्कटते ती वेगात. एकाची नवी 125, दुसऱ्याची घरातली जुनी 100. नवीवाला सत्तरने पुढे निघतो आणि जुनीवाला त्याला गाठायला तासन्‌तास एक्सलेटर पूर्ण पिळून धरतो. हवेवर थंड होणारं इंजिन, वर मे महिना. हे तिला सोसत नाही. म्हणून सगळ्यात कमजोर गाडी जितक्या वेगाने आरामात जाते तोच सहाही जणांचा वेग, हे निघायच्या आधीच ठरवून टाका. ती गाडी लीडरच्या लगेच मागे ठेवा. शेवटी ठेवली की ती मागेच पडत जाते. शेवटच्या जागी ज्याला गाडीतलं थोडंफार कळतं तो असावा, पाने आणि पंप त्याच्याकडे.

तुमचा खरा सामना उन्हाशी आहे. निमाड आणि खानदेश मे अखेरीस भट्टीसारखे तापलेले असतात. चहा-नाश्ता धरून छोट्या गाड्यांच्या ग्रुपची सरासरी पस्तीस-चाळीसच्या वर जात नाही. धुळं साधारण 260 किमी. म्हणजे 29 तारखेला पहाटे पाचला इंदूरच्या राजेंद्रनगरहून निघालात तर बाराच्या सुमारास धुळं. उशीर होतोय असं दिसलं तर हट्ट न करता शिरपूरलाच मुक्काम करा. दुपारी बारा ते चार कुणीही गाडीवर नको. वाटेत धामनोदला कुणीतरी ‘इथवर आलोच आहोत तर महेश्वर करून घेऊ’ म्हणणारच. ते परतीसाठी ठेवा. दर्शन, घाट, जेवण यात सकाळ जाते आणि पुढचा सगळा रस्ता भर उन्हात येतो.

मानपूर सोडलं की उतार सुरू होतो. गणपती घाट ब्रेक फेल झालेल्या ट्रकांसाठी वर्षानुवर्षं बदनाम आहे. आता पर्यायी रस्ता झालाय, तिथल्या पाट्या पाहूनच वळा. पुढे सेंधव्यानंतर बिजासन घाट. दोन्हीकडे नियम एकच, भरलेल्या ट्रकच्या पुढे राहून उतरायचं नाही. डावीकडे व्हा, त्याला जाऊ द्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची सवय आपल्याकडे फार आहे, ती इथे जिवावर बेतते. ड्रम ब्रेक सतत दाबून तापले की धरतच नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिनच गाडी आवरतं.

सर्व्हिसिंग आठवडाभर आधी करून घ्या. आदल्या दिवशी नको, कारण नवीन काही बिघडलं असेल तर ते घराजवळ कळलेलं बरं. या गाड्यांत ऑइल जेमतेम लिटरभर असतं, त्यामुळे थोडं कमी झालं तरी फरक पडतो. रोज सकाळी पातळी बघा. चेन खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून पाहा, दोन-अडीच सेंटिमीटर हलली पाहिजे. चाक थोडं थोडं फिरवून तीन-चार ठिकाणी तपासा. एका जागी सैल आणि दुसरीकडे ताठ लागली तर ती ताणत बसू नका, चेनसेट बदला.

क्लच वायरची युक्ती आमच्याकडे सगळेच करतात. नवी वायर डिकीत ठेवण्याऐवजी जुनीच्या शेजारून आधीच ओवून, दोन्ही टोकं चिकटपट्टीने बांधून ठेवायची. रस्त्यात वायर तुटली तर फक्त टोकं अडकवायची. टाकी काढायला नको, भर उन्हात अर्धा तास जायला नको. स्पोकच्या चाकांत ट्यूब असते, तेव्हा पुढची-मागची एकेक ट्यूब सोबत घ्या.

मागे कुणाला बसवू नका. सामान सीटवर, घट्ट बांधलेलं. पेट्रोल सगळ्यांनी एकदमच भरायचं, टाकी अर्धी असली तरी, नाहीतर दर तासाला कुणाची तरी गाडी पंपाकडे वळते. रस्त्यावर एकमेकांना फोन नको. प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्यावर लक्ष ठेवायचं. तो दिसेनासा झाला की हळू व्हायचं, आणि वळण असेल तर तो दिसेपर्यंत वळायचं नाही. एवढं पाळलं तर मालेगावच्या गर्दीतही कुणी चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी मालेगाववरून सरळ मनमाडला न जाता चांदवडवरून जा. थोडा फेरा पडतो, पण होळकरांचा रंगमहाल तिथे आहे आणि इंदूरच्या माणसाने तो चुकवू नये. मग मनमाड, येवला, कोपरगाव, शिर्डी, आणि नगरला मुक्काम. जयंतीला चौंडीत मोठी गर्दी असते. 31 ला नगरहून पहाटेच निघा, म्हणजे गाड्या लावायला जागा मिळेल. नगरची खोली मात्र आत्ताच सांगून ठेवा.