पहिल्या माहितीपटाआधी

जलसंधारणासाठी ओळखल्या जाणाऱ्या हिवरे बाजार या गावावर माहितीपट करण्याचा तुमचा विचार मला मनापासून आवडला. मात्र सुरुवात पोपटराव पवारांच्या मुलाखतीने करू नका, कारण २०२० साली पद्मश्री मिळालेल्या गावाच्या या माजी सरपंचांची कहाणी बहुतेकांना ठाऊक आहे. त्याऐवजी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून त्यानुसार पिके ठरवली जातात, तो प्रसंग सलग चित्रित करा आणि बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्या शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा अधिक काळ ठेवा, कारण सामूहिक निर्णयाची वैयक्तिक किंमत तिथेच दिसते. पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही टिपा. संमती एकदाच घेऊन भागत नाही. संकलनानंतर संबंधितांना त्यांची दृश्ये अवश्य दाखवा. शिवाय प्रत्येक ठिकाणची मिनिटभराची शांतता ध्वनिमुद्रित करा (नवखे हे हमखास विसरतात), अन्यथा संकलनात आवाजाचे सांधे उघडे पडतील.